वरची टाकी

हे मी आजवर कुणापुढं बोललो न्हाय. लेकीपुढं न्हाय, नातीपुढं न्हाय. येडशीच्या रामलिंगाला जाऊन दिवसभर बसलो, तिथंबी तोंड उघडलं न्हाय. तुमी मला वळखत न्हाय, म्हणून तुमच्याजवळ बोलतो. शेजारी बसलाय असं समजतो.

माझी बायको गोदा. तिला जाऊन आता वरीस होत आलं. गावात, पाव्हण्यारावळ्यांत सगळे एकच म्हणतात — म्हातारी बिचारी शेवटी इसरायला लागली होती. हे ऐकलं की मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, दुःख हाय. दुःख हायच. पण मान त्यासाठी खाली जात न्हाय.

कुठनं सुरू करू?

नात पुण्याला शिकती. मागल्याच्या मागल्या दिवाळीला आली तवा तिचा जुना टॅब आजीला देऊन गेली. गोदाचे गुडघे गेले होते, रानात जाणं बंद झालं होतं. टॅबात एक खेळ होता, रॉकेट बांधायचा. खाली इंजिन, त्याच्यावर टाक्या, वर टोक, बुडाला पंख. बांधायचं आन् आभाळात सोडायचं. म्हणलं, दोन दिवसांचं खूळ. पण ही बाई ज्वारी निवडायला बसावं तशी मान घालून बसली.

पहिली रॉकेटं सगळी पडली. नीट निघायची, जरा वर गेली की मान टाकायची, गरकन फिरून डोक्यावर आपटायची. गोदा खदाखदा हसायची. "आवो, बघा की! तुमच्या गाडीवानी उलाळ झालं!"

गाडीत माल मागं जास्त पडला की पुढनं गाडी वर उठती, त्याला आमी उलाळ म्हणतो. पुढं जास्त पडला की बैलाच्या मानंवर येतं, ती धुरजड. चांगला गडी गाडी जराशी धुरजड भरतो. मी जलमभर गाड्या भरल्या — कडबा, कांदा, ऊस. पंचक्रोशीत माझ्यासारखी गाडी कुणी भरत नव्हतं. ते गोदानं बघून बघून डोक्यात ठेवलेलं. एक दिवस म्हणाली, "हेबी धुरजडच पायजे." मग तिनं सगळ्यात वरची टाकी शिगोशीग भरली आन् तिला हात लावायचा न्हाय असं ठरवलं. इंधन जळायचं ते खालच्या टाक्यांतलं. वर जड, बुडाला हलकं. रॉकेट सुतासारखं सरळ गेलं. लहान होत होत दिसंनासं झालं.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. पण तो टिकला न्हाय.

नातीचा फोन आला, तोंड दिसतं तसला. शेजारची शकुंतला बसली होती. गोदानं रॉकेट दाखवलं आन् रंगात येऊन म्हणाली, "तुझ्या आबानं परंड्याच्या बाजाराला जाताना किल्ल्याजवळ गाडी उलाळ केली होती. मी म्हणत होते, मागं लई झालंय. ऐकतंय कोण? बैल वर टांगले, मी कांद्यात! माझं रॉकेट बघ आता." नात म्हणाली, "आबा, आज्जीकडं शिकवणी लावा!" शकुंतलेनं पदर तोंडाला लावला. मीबी हसलो.

हसलो, पण आत कुठंतरी जळालं. बैल विकल्यापासनं मला कुणी काय इचारत नव्हतं. कुणाची गाडी भरायची नव्हती, कुणाला अक्कल सांगायची नव्हती. आन् माझीच अक्कल घेऊन ही माझ्यावर हसती — असं वाटलं. एवढ्या वर्साच्या संसारात बायको एकदा हसली, तर काय झालं? त्या वेळी हे मनात आलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदा मागं भांडी घासत होती. म्या टॅब उघडला. ती कसं करती ते बघितलेलं होतं. वरच्या टाकीवर बोट ठेवलं की एक पट्टी येती, ती मागं ओढली की टाकी रिकामी. बाहेरनं टाकी तशीच दिसती. भरलेली का मोकळी, कुणाला कळत न्हाय. म्या पट्टी मागं ओढली.

रॉकेट उलाळ केलं. मुद्दाम. ज्याला जलमभर गाडी भरता येत होती, त्यानं.

ती आली, पदराला हात पुसून बसली. रॉकेट सोडलं — पडलं. परत सोडलं — पडलं. मी तंबाखू मळत बसलो होतो. गंमत वाटत होती, व्हय, वाटत होती. मग तिनं टाकीवर बोट ठेवलं.

"म्या भरली होती की. काल भरली होती ना वो?"

म्या म्हणलं, "मला काय म्हाईत. इसरली असशील."

एवढंच बोललो.

आता तुमाला तिच्या आईचं सांगायला पायजे. म्हातारपणी तिचं डोकं गेलं होतं. शेवटी शेवटी ती गोदालाच इचारायची, "तू कुणाची गं बाई?" गोदा माहेराहून आली की चुलीपुढं रडायची. म्हणायची, मला देवानं कायबी द्यावं, हे देऊ नये. हे मला ठाऊक होतं. मी "इसरली असशील" म्हणलो तवा तिच्या तोंडावरचं हसू गेलं, ते म्या बघितलं. बघूनबी तंबाखू मळत राहिलो.

आन् दोन दिवसांनी परत टाकी रिकामी केली. का? पहिल्यांदा राग होता, धरा. दुसऱ्यांदा काय होतं? ती आता परत मला इचारत होती — अवो, दाराला कडी घातली का? अवो, आमटीत मीठ टाकलं का म्या? दिवसातनं कितीदा तरी इचारायची. मला ते बरं वाटत होतं. सांगायला लाज वाटती, पण बरं वाटत होतं. म्हणून टाकी रिकामी करतच राहिलो.

येळवस आली. आमच्याकडं त्या अवसंला सगळं गाव रानात जेवतं. गोदाच्या हातची सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी आन् आंबील खायला पाव्हणे लांबनं यायचे. त्या वर्षी तिनं लेकीला बोलावून घेतलं. म्हणाली, "भज्जी तूच कर. म्या काय घातलं, काय न्हाय, माझा मला भरवसा न्हाय." लेकीनं केलेली भज्जी सगळ्यांनी खाल्ली. गोदा कडब्याच्या कोपीच्या तोंडाशी हात मांडीत घेऊन बसली होती. मीबी खाल्ली.

लेकीनं बळंच तिला बार्शीला डॉक्टरकडं धाडलं. मी संगं होतो. डॉक्टरनं तिला लई काय काय इचारलं — वार, महिना, नातवंडांची नावं, उलटे आकडे. तिनं सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलंय." येताना यष्टीत ती खिडकीकडं बघत म्हणाली, "त्याला काय ठाव? टाकी तर मी दर खेपंला इसरते."

मी तिच्या शेजारी बसलो होतो. खांद्याला खांदा लागत होता. तिथं बोललो असतो तर? "गोदे, टाकी मी मोकळी करतो" — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? परंडा येईपर्यंत रस्ता मोकळाच होता. मी तिकिटाची घडी करत बसलो.

घरी आल्यावर तिनं टॅब लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. "नको आता. जीव घाबरतो," म्हणाली. चैतात एका सकाळी चहा ठेवता ठेवता छातीत कळ आली आन् गोदा गेली. जाईस्तोवर ती स्वतःला भीत होती. दहाव्याला नातीनं इचारलं, "आबा, आज्जीला शेवटी काही आठवत नव्हतं का?" म्या म्हणलं, "व्हय." तिथनं ते गावभर झालं.

परवा पेटी उघडली. टॅबला वायर लावून चालू केला. वाटलं, माझं रिकामं केलेलं रॉकेट तसंच असंल. टाकीवर बोट ठेवलं. टाकी शिगोशीग भरलेली होती. पेटीत ठेवायच्या आधी तिनं भरली होती. फक्त सोडायचं धाडस झालं न्हाय तिला.

म्या ते सोडलं. सरळ गेलं. कुठं हललं न्हाय, कुठं वळलं न्हाय.

गोदा काय इसरत नव्हती. टाकी मी रिकामी करत होतो.