चिनी पिक्चर, मालवणी जबाब

खून आणि दरोड्यांचे कितीतरी तपास आता विसरत चाललो आहे; पण होडीच्या इंजिनाची ती चोरी काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यातली बरीच माणसे अजून तिथेच राहतात, एकमेकांच्या घरी जेवतात, म्हणून कोणाचेच नाव लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्यात मी फौजदार होतो. मी घाटावरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तेही मानसशास्त्र घेऊन बी.ए. ही गोष्ट मी तेव्हाही सांगत असे, आताही सांगतो. किनाऱ्यावरच्या लोकांना तिचे फारसे कौतुक नव्हते. त्यांच्या दृष्टीने मी 'घाटी सायब' होतो.

माझ्या हाताखालचा हवालदार अंगाने दांडगा, मिशीने त्याहून दांडगा आणि कागदाचा फार भोक्ता. कोणी ठाण्याच्या पायरीवर येऊन हळू आवाजात काही सांगू लागले की तो टेबलावरून मान वर न करता म्हणे, "लेखी द्या." शेजाऱ्याविरुद्ध लेखी कोण देणार? आलेला माणूस पावसापाण्याच्या चार गोष्टी बोलून परत जाई.

त्या पावसाळ्यात एका तांडेलाचे इंजिन चोरीला गेले. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, खलाशी त्याच्या शब्दावर चालतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. होड्या वाळूवर ओढून, नारळाच्या झापांनी शाकारून ठेवतात आणि मागे लावायचे इंजिन काढून घराजवळच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, आणतात. एका सकाळी तांडेलाने मांगर उघडला तर इंजिन नाही. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. इंजिन नसेल तर खलाशी दुसऱ्याच्या होडीवर जाणार, आणि एकदा गेलेले खलाशी त्या हंगामात परत येत नाहीत. दोघांनी तशी बोलणीही सुरू केली होती. तांडेल रोज ठाण्यात येई, बाकावर बसे, काही न बोलता उठून जाई. मला फिर्यादी ओरडलेला चालतो. गप्प बसलेला फिर्यादी फार जड जातो.

आम्ही गुन्हा दाखल केला, कलम ३७९. जागेवर गेलो, पंच बोलावले, पंचनामा केला. बसायला कोरडी जागा नव्हती, म्हणून मी आणि हवालदार तांडेलाच्याच शाकारलेल्या होडीच्या काठावर टेकलो. तांडेलाच्या मेव्हण्याने आमच्यासाठी शहाळी उतरवली आणि फार आग्रहाने पाजली. मग वाडीतल्या घराघरांत चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर, "माका काय ठावक नाय, सायबांनू." दोन पंचही तेच म्हणाले, खरे तर त्यांना मी अजून काही विचारलेसुद्धा नव्हते.

तपास असा अडकलेला असताना हवालदार स्वतःचीच तक्रार घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. मासळी बाजारात त्याने एका बाईला पापलेटाचा भाव विचारला, तर ती म्हणाली, "लेखी द्या, हवालदारांनू." शेजारच्या टोपलीवालीने तेच म्हटले, मग अख्खी रांग तेच म्हणू लागली. शाळेची पोरे त्याच्यासमोर येऊन हवेत लाथा मारत आणि पळून जात. त्याने मूळ शोधून काढले होते. वाडीत व्हिडिओवर एक पिक्चर चालू होता आणि त्यात पोलिसांची बदनामी होती.

चौकशी केली. बोटीवर नोकरी करणारा एक ख्रिस्ती तरुण सुट्टीवर येताना रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी घेऊन आला होता. जाळी ठेवायच्या मोठ्या मांगरात तो दुपारचे खेळ लावी. समुद्र बंद, माणसे रिकामी, त्यामुळे मांगर तुडुंब. एक कॅसेट सगळ्यांत जास्त चाले. चिनी पोलिसांचा, हाणामारीचा, हसवणारा पिक्चर. भाषा चिनी, त्यामुळे पहिल्या दिवशी लोक लाथा बघून खूश झाले, पण बोलणे कळेना. तेव्हा दशावतारात विनोदी सोंगे करणारा एक गडी टीव्हीच्या बाजूला उभा राहिला आणि प्रत्येक पात्राच्या तोंडी मालवणी घालू लागला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभे राहून तिथेच रचायचे असतात. त्याला हे अवघड नव्हते. पिक्चरमध्ये एक जाडा, मिशीवाला अंमलदार होता. तो दर थोड्या वेळाने लाथ खाऊन कशात तरी पडे, कधी पिंपात, कधी मडक्यांत. दशावतारी त्याच्या तोंडी प्रत्येक वेळी एकच वाक्य घालत असे. ते कोणते, हे लिहायची गरज नाही.

मी साध्या कपड्यांत खेळाला गेलो. मांगराच्या दाराशीच माझे पोलिसी लाल बूट लोकांनी ओळखले. मला पुढची खुर्ची मिळाली, चहा आला. दशावताऱ्याचा चेहरा उतरला. खेळ सुरू झाला आणि त्याने सगळे सोवळे करून टाकले. जाडा अंमलदार पिंपात पडताना म्हणू लागला, "मी कर्तव्य सोडूचंय नाय." मडक्यांत पडताना म्हणू लागला, "पोलीस जनतेचो मित्र आसा." लोक आधीपेक्षा जास्त हसत असावेत. एक म्हातारी तर पदराने डोळे पुसत होती. बहुतेकांनी पिक्चर इतक्या वेळा पाहिला होता की मूळचे वाक्य ते मनातल्या मनात म्हणत होते, ओठ हलताना दिसत होते.

मग एक जागा आली. पळून पळून दमलेला जाडा अंमलदार एका लाकडी पेटीवर बसतो आणि वाडग्यातल्या शेवया खातो. बस, एवढेच. कोणी पडत नाही, कोणी मारत नाही. दशावतारी तिथे एकदम गप्प झाला. आणि त्या शांततेत सगळा मांगर गडगडून हसला. त्या दिवसातले ते सगळ्यांत मोठे हसू होते. हसता हसता काही माणसांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच पडद्याकडे तोंड फिरवले.

माणूस पडला की हसू येते, हे समजायला बी.ए. लागत नाही. पण माणूस नुसता बसला आणि लोक हसले, तर त्या जागी काहीतरी असले पाहिजे. माझा तपास तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दशावताऱ्याला ठाण्यात बोलावले. विचारले, त्या शेवयांच्या वेळी लोक का हसले?

"माका काय ठावक, सायबांनू. चिनी लोकांचो पिक्चर. हसण्यासारखा काय तरी आसतला."

"तू रोज तिथे काय बोलतोस?"

"रोज येगळा. ध्यानात रवत नाय."

हवालदाराने कागद पुढे सरकवला, तसा तो खुर्चीसकट मागे सरला. सही करणार नाही म्हणाला. मी त्याला समजावले की साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायदाच तसा आहे. हे ऐकून तो नाही, हवालदार चमकला. तरी दशावतारी बधला नाही. "माका ह्या वाडीत रव्हाचा आसा," एवढेच म्हणाला.

त्याला दम देऊन उपयोग नव्हता. मी कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि सांगितले, जबाब नको, खेळ कर. टीव्ही नव्हता, म्हणून पात्रे आम्ही व्हायचे ठरले. जाडा अंमलदार कोण व्हायचा यावर चर्चा झाली नाही.

"साहेब, हे कोणत्या नियमात बसते?" हवालदाराने विचारले.

"तोंडी हुकूम आहे," मी म्हणालो.

एका शिपायाने लाथ मारल्यासारखे केले आणि हवालदार बाकावरून जपून, एक हात टेकत खाली बसला. दशावताऱ्याला ते बघवेना. कलावंत होता. "तसो नाय, हवालदारांनू. आधी पाय वर, मगे धड खाली." त्याने स्वतः पडून दाखवले. हवालदार पुन्हा पडला, या वेळी बरा पडला. शिपाई हसू लागले, हवालदारालाही जरा रंग चढला. मग मी त्याला मुद्देमालाच्या पेटीवर बसवून हातात डबा दिला. तो खाण्याचा अभिनय करू लागला आणि दशावताऱ्याचा आवाज आपोआप सुटला.

"बसा, सायबांनू, बसा. बुडाखाली काय आसा ता इचारू नकात."

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली.  माझ्या तोंडात त्या होडीच्या काठावर बसून प्यायलेल्या शहाळ्याची चव आली होती.

सरकारी जीपने वाडीत गेलो. पंच तेच. तांडेलाच्या होडीवरचे झाप दूर केले, तर आत जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळलेले इंजिन. आम्ही ज्या काठावर टेकून पंचनामा लिहिला होता, त्याच्या बरोबर खाली. हंगाम सुरू होईपर्यंत त्या होडीत कोणी वाकून बघणार नव्हते. चोराने जागा हुशारीने निवडली होती, हे मान्य केले पाहिजे.

बघता बघता वाडी जमली. गर्दीत तांडेलाचा मेव्हणा होता. उघडलेली होडी पाहून त्याने पळायला हवे होते. पण तो पिक्चर त्याने फार वेळा पाहिला होता. त्याने दोन्ही हात नागाच्या फण्यासारखे केले, तोंडाने काहीतरी चिनी काढले आणि धावत येऊन हवालदारावर उडी घेतली. लाथ टोपीवरून निघून गेली आणि तो पुढच्या जाळ्यांच्या ढिगात जाऊन पडला. हवालदार चुकवायला वळला, त्याचा पाय नारळाच्या सोललेल्या सालीवर पडला आणि तो सगळ्या वजनासकट मेव्हण्यावर कोसळला. आधी पाय वर, मग धड खाली. अटक झाली. वाडीने टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणाले, "मागे घे रे, परत बघूया."

तांडेल मात्र हसला नाही. त्याने इंजिनाकडे पाहिले, मग हवालदाराच्या खालून बाहेर आलेल्या डोक्याकडे पाहिले.

"तू?"

"माका सोडून तुमी दुसऱ्याक होडयेर घेतलास. म्हणान."

"माका सांगूक काय झाला होता तुका?"

"भावोजी, वाडीन कधीच सांगलेला. तुमीच पिक्चर बघूक येय नाय होतास."

हे खरे होते. इंजिन गेल्यापासून तांडेल कुठल्याच खेळाला गेला नव्हता. मेव्हण्याला पहाटे इंजिन ओढताना कोणीतरी पाहिले होते आणि दुपारपर्यंत सगळ्या वाडीला माहीत झाले होते. पण बायकोच्या भावाचे नाव तांडेलाच्या तोंडावर कोण घेणार? आणि ठाण्यात गेले तर कागद पुढे येणार. म्हणून मग ते चिनी अंमलदाराच्या बुडाखाली ठेवले होते.

पुढचे कागदोपत्री काम थोडक्यात सांगतो. इंजिन मालकाच्याच होडीत सापडले आणि चोरीची तक्रार मागे घेतो म्हणून मालक हटून बसला. वस्तुस्थितीच्या गैरसमजाचा गुन्हा म्हणून 'सी' समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवली, ती कोर्टाने मंजूर केली. वरिष्ठांनी मला विचारले, इंजिन स्वतःच्या पायांनी होडीत गेले का? मी म्हणालो, घरगुती कारणाने गेले. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागू शकत होता, पण त्यासाठी हवालदाराने फिर्याद द्यायला हवी होती, आणि फिर्यादीत आपण कसे पडलो ते सविस्तर यायला हवे होते. तो म्हणाला, जाऊ द्या साहेब, तरुण पोरगा आहे. पिक्चरच्या बदनामीचे प्रकरणही त्याने पुढे काढले नाही. शेवटच्या खेळाला तो पहिल्या रांगेत बसला होता असे मी ऐकले. खात्री करून घेतली नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. लोक पोलिसांपासून काही लपवतात असे आम्ही म्हणतो, ते अर्धेच खरे असते. माणसाला माहीत असलेली गोष्ट पोटात राहत नाही. ती कुठेतरी बोलली जातेच, नाटकात, भजनाच्या चहात, शिमग्याच्या सोंगात. आपण तिथे बसलेले असलो पाहिजे, आणि आपल्यावर हसले तरी उठून जाता कामा नये. पुढच्या नोकरीत मी जिथे बदलून गेलो तिथे आधी जत्रेला आणि नाटकाला गेलो, मग गुन्ह्यांचे रजिस्टर उघडले.

मुद्देमाल सोडवून तांडेल निघाला, तेव्हा इंजिन मेव्हण्याच्या खांद्यावर होते. मी विचारले, याला या वर्षी होडीवर घेणार का?

"घेतलंय. पण इंजिनाक हात लावूचो नाय."

पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली त्या दिवशी मी बंदोबस्ताला किनाऱ्यावर होतो. खलाशी सगळे होते. इंजिन सुरू झाले, होडी लाटेवर चढली. पुढच्या टोकाला मेव्हणा एकटाच बसून वल्हे मारत होता. इंजिनाच्या होडीत वल्ह्याचा काडीचा उपयोग नसतो. काठावरचे लोक पोट धरून हसत होते. तांडेल मागे इंजिनाशी बसला होता. तो किनाऱ्याकडे पाहत नव्हता, पण त्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला.

"जोरात मार रे. होडी हलत नाय."