खऱ्या वारसाचं काय केलं

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्लंडचा इतिहास शिकवायला आमच्या कॉलेजात कोणीच तयार नव्हतं, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला आणि अजून तिथेच आहे. बाप वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेला असतो आणि मुलगा माझ्यासमोर बसून, पाचशे वर्षांपूर्वी लंडनच्या किल्ल्यात कोणाला का कोंडलं ते उतरवून घेत असतो. पोरांना तिकडची नावं लक्षात राहत नाहीत. एकाच नावाचे सात-आठ राजे, त्यांचा तरी काय दोष. शेवटी मी नावंच सोडून दिली. ‘लढाईत मुकुट मिळवलेला राजा’, ‘स्वयंपाकघरातलं पोरगं’, ‘कोंडलेला वारस’ असं म्हणते. पोरं परीक्षेत तस्संच लिहून येतात आणि पेपर तपासणारे मला फोन करून झापतात. इथेही मी नावं घेणार नाही, तिकडचीही नाही आणि माझ्या माहेरचीही नाही.

त्या राजाची पंचाईत अशी होती की त्याने लढाई जिंकली होती, पण गादीवर त्याचा हक्क फार पातळ होता. जो होता तो आईकडून आलेला. आई जिवंत होती, हुशार होती, पण तू बस गादीवर असं तिला कोणी म्हटलं नाही. हे शिकवताना माझा आवाज दरवर्षी चढतो. त्याच्यापेक्षा सरळ रक्ताचा वारस होता तो एक दहा वर्षांचा पोरगा, आधीच्या राजांचा पुतण्या. राजाने पहिल्याच झपाट्यात त्याला किल्ल्यात टाकलं. मग बंडखोरांनी काय करावं? एका साध्या कारागिराचं पोरगं उचललं, त्याला चांगले कपडे घातले आणि हाच तो कोंडलेला वारस म्हणून मिरवलं. वर्गात इथे सगळे हसतात. मीही हसायचे.

माझं माहेर कुरुंद्याच्या पुढे. आमच्या घराकडे पोळ्याचा पहिला मान आहे. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल मारुतीच्या देवळापुढे येतात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, आणि त्याखालून सगळ्यात आधी आमच्या घरचे बैल जातात. बाकी काही नाही, एवढंच. पण ज्यांच्या दारात आता ट्रॅक्टर आहे आणि बैलाचं शेणही नाही, तेसुद्धा पहिला बैल कोणाचा यावरून डोकी फोडायला तयार असतात.

हा मान खरं तर माझ्या थोरल्या काकांचा. ते गेले तेव्हा त्यांच्यामागे एकच मुलगा होता, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. लहानपणी ताप डोक्यात गेला असं आई म्हणायची. तो आमच्याच घरात वाढला. आज तो चाळिशीचा आहे, पण त्याला सोमवार-मंगळवार कळत नाही, सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, आणि काहीही विचारलं तरी तो मान हलवून ‘व्हय’ म्हणतो. बैलांचं मात्र सगळं तोच करायचा. काका गेल्यावर मान माझ्या भावाकडे आला. याला काय कळतं, असं गावही म्हणालं आणि आम्हीही म्हणालो. काकांची जमीन याच्याच नावावर आहे, त्या बाबतीत भावाला नावं ठेवता येणार नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत वरच्या आळीचं पॅनल पडलं आणि भावाचं आलं. पोळा तोंडावर होता. वरच्या आळीच्या लोकांनी माझ्या या चुलतभावाला फाट्यावरच्या हॉटेलात नेलं, भजी खाऊ घातली, डोक्याला फेटा बांधला आणि मोबाइलवर त्याला विचारत राहिले. थोरल्या घरचा तूच का? व्हय. पोळ्याचा मान तुझा का? व्हय. तुला डावललं का? व्हय. हा व्हिडिओ गावभर फिरून माझ्याकडे स्टाफरूममध्ये आला. फेटा कानावर घसरला होता, लक्ष सगळं भज्यांच्या प्लेटीत होतं, आणि तो हसत होता. हे कोणत्या धड्यात चाललंय ते त्या अख्ख्या गावात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी बसने गेले. भाऊ ओट्यावर बसला होता. भावजय म्हणाली, दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यानेही चुलतभावाला समोर बसवून विचारलं होतं, तू त्या लोकांकडून उभा राहणार का, आणि उत्तर अर्थातच ‘व्हय’ आलं होतं. अरे, तू कलेक्टर आहेस का विचारलं तरी तो व्हयच म्हणेल, असं मी म्हणाले. भाऊ हसला नाही. त्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकून घेतलं होतं.

मग मी त्याला ती गोष्ट सांगितली. आमच्या घरात माझ्या शिकवण्याला कोणी कधी किंमत दिली नाही, पण त्या दिवशी भाऊ लक्ष देऊन ऐकत होता. राजाने बंड मोडलं, ते नकली पोरगं हाती लागलं, तेव्हा राजाने त्याला मारलं नाही. आपल्या स्वयंपाकघरात मांस भाजायच्या सळईपाशी बसवलं. सगळ्यांसमोर बस, फिरव सळई. लोक हसले आणि बंडातली हवाच गेली. तूही तसंच कर, मी म्हणाले. याच्याच हातात पहिल्या बैलाचा कासरा दे आणि तोरणाखालून याला पुढे चालव. मान घरातच राहतो, याची हौस होते, वरच्या आळीचं तोंड बंद होतं.

भाऊ म्हणाला, “आक्का, ते पोरगं खोटं व्हतं. हे खरं हाय.”

माझ्या पोरांना वर्षभर शिकवून जे उमगत नाही ते याला एका दमात कळलं.

“खऱ्या वारसाचं काय केलं राजानं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याला लाज वाटावी म्हणून काही हातचं न राखता सांगितलं. की तो पोरगा माणसांपासून इतका तोडलेला वाढला की त्याला बदक आणि कोंबडीतला फरक कळत नव्हता असं म्हणतात. की राजाला आपल्या मुलासाठी परक्या देशातली मोठ्या घरची सून आणायची होती, आणि जोवर हा वारस जिवंत आहे तोवर मुलगी पाठवणार नाही असं तिच्या बापाचं म्हणणं होतं, असंही सांगतात. की किल्ल्यातच त्याला कोणाच्या तरी कटात ओढलं, आणि न्यायाधीशापुढे उभा केला तेव्हा गुन्हा कबूल आहे म्हणाला. चोविशीत त्याचं डोकं उडवलं. त्याने आयुष्यात कोणाचं काहीही वाकडं केलं नव्हतं.

“आन मंग? गादी गेली का त्या राजाची?”

“न्हाई,” मी म्हणाले. “आजारी पडून आपल्या अंथरुणात मेला. पोरगा गादीवर बसला.”

भाऊ उठला, हात धुतले आणि भावजयीला ताट वाढायला सांगितलं. पोटभर जेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. चुलतभावाने नेहमीसारखी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली आणि त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. त्याला पाहून मी मनाची समजूत घातली की भाऊ इतका वाईट नाही. तो वाईट नाहीच. पोळ्याच्या सकाळी आम्ही बायका पुरण वाटत होतो तेव्हा त्याने चुलतभावाला मोटारसायकलवर मागे बसवलं, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठा आणि अवजारांची खोली आहे तिथे, नेलं आणि खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं. पोळा झाला की न्यायला येतो, असं त्याला सांगितलं, आणि तो ‘व्हय’ म्हणाला.

बैल सजले तरी तो दिसेना म्हणून मी विचारत सुटले. गड्याने सांगितलं. आखाड्यावर जाईपर्यंत चिखलाने साडी भरली. तो खिडकीशी उभा होता. त्याने गजांतून हात बाहेर काढून माझ्या पदराचा चिखल पुसला. मी कुलूप दगडाने ठेचलं, हात सोलला, कुलूप काही तुटलं नाही. मी त्या शेतात उभी राहून मोठ्याने रडले, भावाला नको नको ते बोलले. ऐकायला फक्त तो होता, आणि मी का रडते हे त्याला कळत नव्हतं.

देवळापुढे परत आले तर पोलीस उभे, डफडी वाजतायत, आणि वरच्या आळीचे लोक बोंबलतायत की वारसाला कोंडलं. इतक्या लोकांतला एकही माणूस ते कुलूप काढायला आखाड्यावर गेला नव्हता. मी भावाकडे किल्ली मागितली. त्याने कासरा सोडला नाही. सगळ्या गावासमोर एवढंच म्हणाला, “आक्का, घरात जा.” आमचे बैल तोरणाखालून पहिले गेले, मग धक्काबुक्की झाली, तोरण तुटलं, पोलिसांनी काठ्या उगारल्या.

दुसऱ्या दिवशी शांततेसाठी बैठक झाली. दोन्हीकडचे लोक समोरासमोर बसले, एकमेकांच्या सात पिढ्या काढून झाल्या. मग एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले की हा माणूस गावात आहे तोवर दर पोळ्याला हेच होणार. त्याची नीट सोय होईल अशा ठिकाणी त्याला ठेवावं. भावाने मान डोलावली. वरच्या आळीच्या पुढाऱ्यानेही डोलावली. सकाळपासून त्या खोलीत ज्यावर दुमत झालं नाही अशी ही एकच गोष्ट होती. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे तिसराच गेला.

मी उठून म्हणाले, मी त्याला वसमतला नेते, माझ्या घरी राहील. भाऊ म्हणाला, “वसमत कितीक लांब हाय? पुढच्या पोळ्याला हे लोक गाडी घेऊन येतील त्याला न्यायला.” वरच्या आळीतला कोणीही, आम्ही येणार नाही, असं म्हणाला नाही. मी ओरडले, टेबलावर हात आपटला. बाईंना पाणी द्या, असं कोणीतरी म्हणालं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा शब्द तिथे पाण्याच्या ग्लासाएवढाच होता. पोळ्याच्या दिवशी कोंडल्यापासून तो घरी आलाच नाही. आखाड्यावरून त्याला थेट गाडीत बसवून नांदेडच्या पलीकडच्या एका संस्थेत नेऊन ठेवलं.

जागा वाईट नाही. स्वच्छ आहे, माणसं मायाळू आहेत, जेवण वेळेवर असतं. भाऊ कपडे पाठवतो आणि खरंच काळजीने विचारतो, बरा हाय ना. मी त्याला उत्तर देते, कारण न देऊन काय करणार. गुरं मात्र तिथे नाहीत, आणि चुलतभावाचे हात पोरीच्या हातासारखे मऊ झालेत. त्या हातांकडे मला बघवत नाही.

त्याच्यानंतर गावात दोन पोळे झाले. दोन्ही शांततेत पार पडले, पहिला मान आमच्याच घराचा. मी पुरणपोळी मात्र त्याच्याकडे नेत नाही, कारण पुरणपोळीचा अर्थ त्याला बरोबर कळेल. गेल्या खेपेला गेले तेव्हा पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. मला दारात पाहून तो उठला आणि घाईघाईने चपला घातल्या.

“आक्का, पोळा झाला का?”

झाला म्हणाले असते तर तो माझ्यासोबत फाटकापर्यंत आला असता, आणि तिथे लोक त्याला अडवत असताना मला नुसतं बघत उभं राहावं लागलं असतं.

“अजून न्हाई,” मी म्हणाले.

त्याने चपला काढल्या आणि परत कॉटखाली सरकवून ठेवल्या.