तीन-तीन सेकंद

त्याला सगळे सेकंदराव म्हणत. बायकोसुद्धा हाक मारायची, "अहो सेकंदराव, सात सेकंद झाले, भाजी निवतेय!" गावातल्या सगळ्यात लांब रस्त्यावर अकरा सिग्नल, आणि ते सांभाळणं हे त्याचं काम. प्रत्येक सिग्नलच्या पेटीत वेगळं घड्याळ. सगळी घड्याळं जुळली, की एका वेगाने निघालेल्या गाडीला शेवटपर्यंत हिरवाच मिळायचा.

आई गेली, आणि चौथ्या दिवशी हा कामावर हजर. घरी बसून तरी काय करणार? डोळ्यांत टिपूस नव्हता. जेवण जात होतं, झोप लागत होती. त्याला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

अकराव्या पेटीचं झाकण उघडून त्याने घड्याळ ऑफिसच्या वेळेशी ताडून पाहिलं. तीस सेकंद मागे! दहावं सत्तावीस, नववं चोवीस. मग त्याच्या लक्षात आलं. प्रत्येक पेटी ऑफिसच्या घड्याळावरूनच लावायची, असा नियम. गेल्या आठवड्यात ह्याच पठ्ठ्याने कंटाळा केला होता. पहिलीवरून दुसरी लावली, दुसरीवरून तिसरी, आणि दर पेटीला तीन सेकंद गळत गेले. शेजारशेजारच्या दोन सिग्नलांत फरक कुणाला कळणार? काम लवकर उरकलं म्हणून साहेबही खूश. शेवटचे तीन सिग्नल मात्र ऐन गाड्या पोचायच्या वेळी अजून लालच असत.

दादाने आईला दवाखान्यात नेलं ते याच रस्त्याने. तिन्ही ठिकाणी तो थांबला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. तेव्हापासून दादाचा एकच घोशा, "मी सिग्नल तोडायला हवे होते रे. माझ्यामुळे गेली."

सेकंदरावाने अकराही घड्याळं नीट लावली आणि तो थेट दादाकडे गेला. सांगितलं नाही, तर दादा जन्मभर स्वतःला खात बसणार. सांगितलं, तर दादा तोंड तरी बघेल का?

"दादा, तुझी काही चूक नाही. ते सिग्नल मीच चुकीचे लावले होते." कामाचा अहवाल वाचावा तसं तो बोलला.

दादाने त्याला शेजारी बसवलं.

"तुला हे सांगणार नव्हतो," तो म्हणाला. "मी तोडतच होतो रे. आईनेच हात धरला. म्हणाली, थांब, धाकट्याचे सिग्नल आहेत. आत्ता होईल हिरवा."

"बरं," सेकंदराव म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं."