बोअरवाल्या गोऱ्याची रेकॉर्ड

ती रेकॉर्ड माझ्याकडे आली बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि मी नांदेडहून बी.ए. होऊन घरी बसलो होतो. बोअर पाडायची यंत्रं घेऊन परदेशातले काही तरुण आले होते, त्यांना दुभाषी हवा होता. इंग्रजी येतं असं सांगून मी लागलो. वाचता येत होतं. त्यांचं बोलणं मात्र निम्मं डोक्यावरून जायचं. रेणापूर-चाकूरकडच्या गावांत गोरा काही बोलला की मी अंदाजाने मराठीत सांगायचो. पाणी लागलं की सगळ्यांना सगळं समजायचं, म्हणून माझं निभावलं.

जाताना त्यांच्यातल्या एका दाढीवाल्याने ती रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे वाजवायला मशीन नव्हतं. ते होतं माझ्या मित्राकडे. गंजगोलाईत त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान, घरात सकाळ-संध्याकाळ शंकराची भजनं. त्या वर्षी कापड घ्यायला कोणी फिरकत नव्हतं. दुपारभर आम्ही दोघं दुकानाच्या माडीवर ती रेकॉर्ड लावून बसायचो.

एका बाजूला एकच गाणं, अख्खी बाजूभर. तसलं काही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. सुरुवातीला ऑर्गनवर एक साधी चाल येते, लहान मुलालाही गुणगुणता येईल अशी. मग ड्रम आणि गिटार असे घुसतात की ती चाल कुठे गेली ते कळत नाही. मित्र भजनात मृदंग वाजवायचा. तो मांडीवर बोटांनी मात्रा धरायला बघायचा आणि वैतागायचा.

"अरे, ह्याची सम कुठं हाय? गोरे नुसतेच पळून राहिले!"

एका दुपारी तो एकदम ओरडला, "सात! सात मात्रा हायत लेका!" खालून वडिलांनी विचारलं, काय झालं रे? "सम सापडली," तो म्हणाला. वडिलांना वाटलं, काहीतरी हरवलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघंही बरोबर समेवर मान हलवायला लागलो, आणि गाणं उलगडत गेलं. मध्यावर सगळं थांबतं. एकच लांब सूर उरतो, खाली बास हळूहळू चालतो. आम्हाला तो भाग बाहेरच्या रिकाम्या रस्त्यासारखा वाटायचा. मग अगदी शेवटी ती पहिली चाल परत येते, संथ होऊन, सगळी वाद्यं बरोबर घेऊन. चाल तीच, पण मध्ये एवढं ऐकून झालेलं असतं की तिचं वजन वाढलेलं असतं. पुढे मी बरंच संगीत ऐकलं. या जागेला हातातलं काम आजही थांबतं.

प्रश्न शब्दांचा होता. मित्राला इंग्रजी येत नव्हतं. "दुभाषी, काय म्हणून राहिला तो?" त्याने विचारलं. मलाही कळलं नव्हतं. पण दुभाष्याने असं कसं म्हणायचं? मी म्हणालो, एका गावात पाणी नाही, एक माणूस पाणी शोधायला निघालाय. त्याला ते फार आवडलं. दर दुपारी मी त्यात थोडी भर घालत गेलो.

मग पुण्याहून त्याच्या मावसभावाचा निरोप आला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढतोय, भागीदार म्हणून ये. मित्राला तारांमध्ये लई गोडी, कापडात अजिबात नाही. वडिलांनी त्याच्यावरच सोडलं. त्या दुपारी गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "शेवटी त्या माणसाचं काय होतं रे?"

तो काय विचारतोय ते मला नीट कळत होतं. तो गेला तर मशीनही जाणार होतं, आणि त्या दुपारीही. मी म्हणालो, "परत येतो. पाणी त्याच्याच गावात लागतं."

तो राहिला. पुढच्या पावसाळ्यानंतर मला नांदेडला नोकरी लागली आणि मी गेलो.

लातूर जिल्हा झाला तेव्हा त्याने दुकान वाढवलं. मी पेढे खायला गेलो तर चार लोकांसमोर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याच्या गाण्यानं मला इथं ठेवलं, न्हाईतर पुण्यात तारा जोडत बसलो असतो." लोक हसले, मीही हसलो. तेव्हा सांगता आलं असतं.

परवा त्याचा फोन आला. नातीला शिकायला परदेशात जायचंय. "माझं ऐकत न्हाई. तू ये, तिला त्या गाण्याचा अर्थ सांग."

माझ्या मुलाने मोबाइलवर गाण्याचे शब्द काढून दिले. त्यात माणूस नाही, गाव नाही, पाणी नाही. उजेडाबद्दल काहीतरी आहे, काय ते मला आजही कळत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकत एस.टी. लातूरला पोचेपर्यंत मी दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही.

मशीन त्याने नीट जपलं होतं. रेकॉर्ड लावली. नात समोर बसली होती. "सांग की दुभाषी," तो म्हणाला.

मी नातीला नाही, त्यालाच सांगितलं. अर्थ मी रचला होता, आणि शेवट तू जाऊ नयेस म्हणून रचला होता.

नात म्हणाली, "आजोबा, बंद करू का?"

"न्हाई. वाजू दे." शेवटची चाल आली तशी त्याने बोट वर केलं. "ही परत येती की रे. हे तर तू रचलं न्हाईस?"

"नाही. ते त्यांचंच आहे."

"मंग अगदीच खोटं न्हाई बोललास." मग नातीकडे वळून म्हणाला, "जा बाई, कुठं जायचं तिकडं जा. ह्या माणसाला काय बी येत न्हाई."

ती हसत आत गेली. तो हसत नव्हता.

"पण मी गेलो असतो रे पुण्याला," तो म्हणाला.

"हाव," मी म्हणालो. "गेला असतास."