पलीकडची जागा

सूर्यफुलाच्या खारट बियांचा वास आला की जर्मनीतल्या हायडेलबर्गजवळचं ते बेसबॉलचं मैदान आठवतं. ऐन हंगामात तिथला व्यावसायिक संघ सलग हरत होता. मला सामन्यांना नेणारा तिथला एक मराठी इंजिनियर दादा माझ्यासारखाच अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत वाढलेला. पण एका रविवारी तो माझ्याकडे संशयानंच बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, "तू यायला लागल्यापासून हरतायत रे. आज जरा पलीकडे बस ना." "दादा, बॉल मी टाकतोय का?" म्हणत मी जागचा हललो नाही. संघ जिंकला. दादानं बियांची पुडी पुढे केली. "आता दर रविवारी इथंच बसायचं, हाच शर्ट घालून!" पुढच्या रविवारी मी मुद्दाम पलीकडे बसलो. आजही कुणी मानानं जागा दिली, की मी आधी कारण विचारतो.