दोन अर्ध्या बरण्या

ती सकाळ आठवली की आजही आधी सुटकेचा निःश्वास सुटतो, मग बाकीचं आठवतं. टेक्ससमध्ये, फ्रिस्कोच्या बाजूला, मी डिटेक्टिव्ह होतो. आमच्या पोलीस ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच.

एका रहिवाशाने खबर दिली की समोरच्या गॅरेजमध्ये एक माणूस स्फोटक दारू मोजून भरतो, बाँबच असणार. गेलो. घरमालक मूळचा नागपूरचा, आता इथला नागरिक. शिकारीची काडतुसं घरी भरायचा त्याला छंद, आणि त्यात बेकायदा काही नाही. पण त्याच्या वहीत दारूच्या दोन बरण्यांची नोंद होती, फळीवर मात्र एकच.

"दुसरी कुठे आहे?"

"इथेच होती सर, आय स्वेअर!"

तासभर त्याला धारेवर धरलं. खोटं बोलणारा उत्तर बदलतो. हा तेच तेच सांगत होता, तरी माझा संशय काही जाईना.

पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. सिंकजवळ एक काळी बरणी धुऊन पालथी घातलेली. त्याची आई, भारतातून पाहुणी आलेली, मेथी निवडत होती.

"मावशी, ही बरणी कुठली?"

"अगंबाई, मराठी का तुम्ही! गॅरेजातली हो. सोमवारी तिथलं आवरलं. दोन बरण्या अर्ध्या अर्ध्या होत्या, एकीत ओतल्या. ही मेथीदाण्यांना होईल."

माझ्यामागे दारात आलेला तिचा मुलगा पांढराफटक पडला. एक दारू पिस्तुलाची, झटकन जळणारी, दुसरी रायफलची. दोन्ही एकत्र रायफलमध्ये गेल्या तर ती हातातच फुटू शकते. बाकावर एका वेळी एकच बरणी घ्यायची, हा त्याचा सुरक्षेचा नियम. म्हणून त्याने रायफलची बरणी तेवढी उतरवली होती, दुसरी गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. बुधवारी त्याने तिच्यातूनच वीस काडतुसं भरली होती. तीच घेऊन त्याची कॉलेजातली मुलगी त्या दिवशी हरणाच्या शिकारीला गेली होती.

तिचा फोन लागेना. तिकडच्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, निरोप दिला. चाळीस मिनिटं बाप तिचा नंबर फिरवत राहिला. मग वॉर्डनच्या फोनवरून तिचाच आवाज आला.

"बाबा, रिलॅक्स! एकही डीअर दिसलं नाही यार. सो बोरिंग!"

बापाने डोळे पुसत तिला ती काडतुसं वॉर्डनकडे द्यायला सांगितली. मीही डोळे पुसले, लाजायचं कशाला?

ज्याला काही ठाऊक नव्हतं त्याला मी तासभर पिळत होतो. निघताना मावशींनी माझा हात धरला.

"साहेब, तुम्ही आल्या आल्या मलाच का नाही विचारलंत?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुठल्याही घरात गेलो तरी पहिला प्रश्न मी स्वयंपाकघरात विचारला.