बोट मोडल्याचं पत्र

तुमचे आजोबा देशाच्या संघात गोलकीपर होते, तर त्या परदेश दौऱ्याच्या फोटोत ते का नाहीत, असं तुम्ही विचारलंत. उत्तर मला ठाऊक आहे. आजवर ते कुणाला दिलं नाही. क्रमाने सांगते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात त्यांच्या सरकारी नोकरीमुळे मिळालेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो. वर्षातले निम्मे महिने ते सराव शिबिरात किंवा दौऱ्यावर असत. तुमची आई तेव्हा रांगत होती. मी रेडिओवर सामना ऐकायची. समालोचक गोलकीपरचं नाव संकटातच घेतो. त्यामुळे नाव ऐकू येऊ नये असं वाटे, आणि नाही आलं तर ते तिथे आहेत की नाहीत तेही कळत नसे.

ते मौद्याकडच्या शेतकरी घरातले. इंग्रजी जेमतेम वाचायचे. फुटबॉल संघटनेचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत, म्हणून तो माझ्याकडे. ते टेबलासमोर बसत, मी लिहायची, ते न वाचता सही करत. "तू लिहिलं म्हणजे झालं," म्हणत. एरवी अबोल माणूस, पण पत्राच्या वेळी बोलायचा. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना गोलकीपरला किती एकटं वाटतं, हे मला त्या टेबलाशीच कळलं. मी मुद्दाम सावकाश लिहीत असे.

एका स्थानिक सामन्यात समोरच्याच्या बुटाखाली त्यांच्या डाव्या हाताची करंगळी सापडली. डॉक्टरकडे न जाता ते गावच्या हाड बसवणाऱ्याकडून बांबूच्या कामट्या बांधून आले. आठवड्यानं पत्र आलं: दोन महिन्यांच्या परदेश दौऱ्यासाठी निवड झाली आहे, तंदुरुस्त असल्याचं ताबडतोब कळवा.

"लिही, मी एकदम फिट आहो," ते म्हणाले.

चहाचा कप उचलतानासुद्धा ती करंगळी ते बाजूला धरत होते. मी लिहिलं, की करंगळी मोडली आहे आणि भरून यायला महिना तरी लागेल. त्यांनी नेहमीसारखी सही केली.

कागदावर खोटं लिहायचं नाही, असं शाळेत आम्हाला शिकवलं होतं. मी स्वतःला तेच सांगितलं.

उत्तर त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. हेडक्लार्कनं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून, मराठीत समजावून सांगितलं. दुसऱ्या गोलकीपरला घेतलं होतं, आणि प्रामाणिकपणाबद्दल यांचं कौतुक केलं होतं. ते घरी आले, सायकल लावली, हातपाय धुतले.

"तुझी इंग्रजी सगळ्याइले आवडली," म्हणाले. "साहेब म्हणे, असा इमानदार खेळाडू पाहिला नाही."

"अहो, बोट मोडलं होतं."

"माहीत आहे मले. माझंच बोट होतं."

"जन्माचं वाकडं राहिलं असतं तर?"

"राहिलं असतं तं राहिलं असतं. बाकीचे नऊ होते ना वं!"

मला हसू येणार होतं, पण ते हसत नव्हते. मग त्यांनी हळूच विचारलं, "बोटासाठी लिहिलं, का मी घरी राहावं म्हणून?"

मी टेबलावरचा कपडा सारखा करत राहिले. मग ते पोरीला कडेवर घेऊन अंगणात गेले.

ते दोन महिने ते घरीच होते. ऑफिसला जात, वेळेवर येत, भाजी आणत. मला हेच हवं होतं, आणि घरात इतकी शांतता मी ते दौऱ्यावर असतानाही ऐकली नव्हती. करंगळी शेवटी वाकडीच बसली. पुढच्या हंगामात त्यांना पुन्हा बोलावणं आलं, आणि आणखी काही वर्षं ते खेळले. पण त्यानंतरची सगळी पत्रं हेडक्लार्कनं लिहिली. माळ्यावरून बॅग खाली आली की मला शिबिराचं कळायचं. माझ्यावर कधी रागावले नाहीत. दौरा का हुकला असं कुणी विचारलं, तर "बोट मोडलं होतं" म्हणत. तेवढंच.

तुम्हीही कुणाला सांगायचं झालं तर तेच सांगा. ते खरंच आहे.

पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं होतं. ते घरी राहावेत म्हणूनच मी लिहिलं. आता ते नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. पुढे ते माझ्यासमोर बसून कितीतरी वर्षं जेवले. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं, आणि त्यांना ते ऐकायला आवडलं असतं, असं मला वाटतं.